सेकंड लाइन

सेकंड लाइन : अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहरात कृष्णवर्णीय समाजाची मंडळे काढतात ती बँडसहित नाचती मिरवणूक. मिरवणुकीमागून येणारा जमाव, त्याचे नाचणे आणि त्या नाचाचा ठेका यांनाही हेच नाव आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३,८३,९९७ असून तीत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. ऑगस्टअखेरीपासून पुढच्या जूनपर्यंत बहुतेक रविवारी दुपारी कोणत्या तरी मंडळाची मिरवणूक निघते व सुमारे चार तास चालते.

नाव : मंडळाचे सभासद व बँड, किंवा अंत्ययात्रेत बँड आणि मृताचे आप्त, ही पहिली किंवा मुख्य रांग, मागून बोलावण्यावाचून येऊन मिसळतो तो लोंढा म्हणजे दुसरी. ही सरळ उपपत्ती बहुतेकांना मान्य आहे. ‘रांग’ हा शब्द लष्करी कवायतीतून आला, असेही सुचवले जाते; मात्र त्याला स्वतंत्र आधार दाखवला गेलेला नाही. पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकसंगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स याला दिलेल्या ध्वनिमुद्रित आठवणींत सेकंड लाइनचे वर्णन आहे. एका वस्तीची मिरवणूक दुसरीच्या हद्दीत शिरली की हाणामारी ठरलेली, म्हणून मागचे लोक काठ्या घेऊन चालत, असे तो सांगतो. मॉर्टन रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध होता. पण विसाव्या शतकाच्या आरंभी नाव व रीत दोन्ही रूढ होती, एवढे त्यावरून धरता येते.

उगम : वाद मुख्यतः येथे आहे. एक पक्ष प्रथेची मुळे काँगो स्क्वेअर या मैदानात शोधतो. ट्रेमे वस्तीलगतच्या या जागी गुलामांना रविवारी जमण्याची मुभा होती. महापौर नेमून देईल त्याच जागी व रविवारीच जमावे, असा नगरपरिषदेचा १८१७ चा आदेश आहे. वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी आला असता (पुढच्याच वर्षी तो तेथे पीतज्वराने वारला) फेब्रुवारी १८१९ मध्ये त्याने पाहिलेला मेळा टिपून ठेवला आहे. पाचसहाशे माणसे, वेगवेगळी रिंगणे, हाताने वाजवायचे ढोल, भोपळ्याचे एक तंतुवाद्य आणि एका रिंगणात जाड्याभरड्या रुमालाची टोके धरून नाचणाऱ्या दोन स्त्रिया, असे ते वर्णन. आजच्या मिरवणुकीतही रुमाल हवेत फिरतोच, त्यामुळे ही नोंद वारंवार पुढे केली जाते. कादंबरीकार जॉर्ज वॉशिंग्टन केबल याचा १८८६ मधील लेख त्याहून अधिक उद्धृत होतो. पण त्याने ते नाच स्वतः पाहिले नव्हते, ऐकीव व छापील माहितीवर लिहिले. पुराव्यात लॅट्रोबचे वजन जास्त मानावे लागते.

अडचण मधल्या काळाची आहे. मैदानातले नाच १८३० च्या दशकात थांबले की त्यानंतर, यावर एकमत नाही; कसेही धरले तरी कृष्णवर्णीय ब्रास बँडांची (पितळी फुंकवाद्ये व ढोल यांच्या पथकांची) ठळक नावे (एक्सेल्सियर १८७९, ऑनवर्ड १८८० च्या दशकात) येईपर्यंत काही दशके जातात. चर्चमधील रिंगणनृत्यांतून आफ्रिकी परंपरा या काळात टिकली, असे सातत्यवादी म्हणतात. दुसरा पक्ष दाखवतो की एकोणिसाव्या शतकात बँडसह अंत्ययात्रा गोऱ्यांत, विशेषतः सैनिक व फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद यांच्यातही होत्या. तेव्हा मिरवणुकीचा सांगाडा युरोपीय व चाल आफ्रिकी असे मानणे अधिक सुरक्षित. १८९८ च्या स्पेनशी झालेल्या युद्धानंतर लष्करी बँडांची वाद्ये स्वस्तात मिळाली म्हणून बँड फोफावले, ही लोकप्रिय कथा वरील सनांपुढे फारशी टिकत नाही.

मंडळे : वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना विमा मिळणे दुरापास्त होते. वर्गणी गोळा करून सभासदाला आजारपणात डॉक्टर व औषध आणि मेल्यावर बँडसह रीतसर दफन मिळवून देणाऱ्या परस्पर साहाय्य संस्था त्यातून पसरल्या. यंग मेन ऑलिंपियन (१८८४) ही आजही चालू असलेली अशी एक संस्था. पुढे मौजेचे अंग वाढून ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ हे नाव रूढ झाले. सभासद वर्षातल्या आपल्या रविवारासाठी एकरंगी सूट, जुळते बूट, पट्टे व पिसांचे पंखे करवून घेतात.

वाद्ये व ठेका : सूसाफोन (अंगाभोवती घालून वाजवायचे खर्जाचे मोठे पितळी वाद्य), ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्वचित क्लॅरिनेट व सॅक्सोफोन. बास ड्रम (मोठा ढोल) आणि स्नेअर ड्रम (खालच्या बाजूस तारा ताणलेला छोटा ढोल) दोन वेगळे वादक वाजवतात. बास ड्रमच्या माथ्यावर एक झांज बसवलेली असते व ती बहुधा कपड्यांच्या हँगरची तार वाकवून वाजवतात, त्यामुळे तिचा आवाज कोरडा, पातळ येतो. अंत्ययात्रेत स्मशानाकडे जाताना स्नेअरच्या तारा सैल करतात किंवा तारांखाली रुमाल सारतात, की ड्रम घुमण्याऐवजी थपथपतो. चाल संथ असते. दफनानंतर, किंवा शवपेटीला निरोप दिला की (याला ‘देह मोकळा करणे’ म्हणतात), तारा पुन्हा ताणल्या जातात, ट्रम्पेट इशारा देतो आणि मागची रांग नाचू लागते. दर दुसऱ्या मापात (चार मात्रांच्या आवर्तनात) चौथ्या मात्रेवर बास ड्रमचा ठोसा पडतो, त्यास ‘बिग फोर’ म्हणतात. समेवर जोर शोधणाऱ्या आपल्या कानाला तो प्रथम चुकल्यासारखा वाटतो. त्याचे श्रेय बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाला देतात, पण बोल्डनचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्याने ते परंपरेचे मत म्हणूनच घ्यावे.

नंतरचा काळ : १९७० च्या सुमारास परंपरा मंदावली असता डॅनी बार्कर या बँजोवादकाने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आश्रयाने मुलांचा बँड उभा केला. त्यातील काही मुले पुढच्या बँडांत गेली. डर्टी डझन (१९७७) व रीबर्थ (१९८३) या बँडांनी फंक हे नाचाचे संगीत व बीबॉप हा जलद जॅझ मिसळून वेग वाढवला. रीबर्थला २०१२ मध्ये ग्रॅमी हे संगीत-पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी १९६६ मध्ये क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूवरील ओकची झाडे तोडून वरून महामार्ग नेला गेला आणि कृष्णवर्णीयांची बाजारपेठ उजाड झाली. मिरवणुका मात्र त्या पुलाखालून जातात. काँक्रीटखाली आवाज घुमतो म्हणून बँड तेथे मुद्दाम जोर लावतात.

कट्रीना वादळानंतर (ऑगस्ट २००५) वस्त्या विखुरल्या. जानेवारी २००६ मधील एकत्रित मिरवणुकीनंतर गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांनी बंदोबस्ताचे शुल्क ३,७६० डॉलरपर्यंत नेले. मंडळांनी संघराज्य न्यायालयात दाद मागितली व २००७ मध्ये तडजोड होऊन ते जवळपास निम्म्यावर आले. हॉटेलांतील लग्नांसाठी भाड्याने मिळणारी छोटी ‘सेकंड लाइन’ याच काळात बोकाळली. मंडळांचे लोक तिला मिरवणूक म्हणत नाहीत.

स्त्रियांची मंडळे जुनी असली तरी लिखित नोंदी थोड्या आहेत. स्त्रियांचा ओरिजिनल पिनेट्स हा ब्रास बँड १९९१ मध्ये सेंट मेरीज अ‍ॅकॅडमी या मुलींच्या शाळेत सुरू झाला.