दगडी फरशीचे सीलिंग
दगडी फरशीचे सीलिंग : उघड्यावरची अंगणे, गच्च्या, पायवाटा आणि जलतरण तलावाचे काठ यांवर बसवलेल्या नैसर्गिक दगडात किंवा काँक्रीटच्या पेव्हर ब्लॉकमध्ये पाणी, तेल व मीठ शिरू नये म्हणून द्रवरूप रसायन लावण्याची क्रिया. या रसायनाला सीलर म्हणतात. नाव जरा फसवे आहे. सील करणे म्हणजे डब्याचे तोंड बुजवणे, आणि उघड्यावरच्या दगडाला नेमके तेच सोसत नाही. त्याच्यात पाणी फक्त वरून येत नाही. खालच्या मातीतून आणि सिमेंटच्या थरातूनही चढते. ते वाफ होऊन निघून जायला वाट हवी. म्हणून चांगला सीलर बाहेरच्या पाण्याला अडवतो, पण आतली वाफ जाऊ देतो.

दगड कितीही घट्ट दिसला तरी त्याच्या खनिजकणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकमेकींना जोडलेल्या असतात. केशाकर्षणाने पाणी या वाटांनी आत ओढले जाते आणि जाताना विरघळलेले क्षार, कुजत्या पानांचा रंग, लोखंडाचा गंज असे काहीबाही सोबत नेते. कोणता दगड किती पाणी पितो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषांनुसार बांधकामाच्या ग्रॅनाइटने वजनाच्या ०.४ टक्क्यापेक्षा आणि संगमरवराने ०.२ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये. चुनखडकाच्या सर्वांत हलक्या वर्गाला मात्र १२ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, वालुकाश्माला ८ टक्क्यांपर्यंत. काँक्रीटच्या पेव्हर ब्लॉकसाठी सरासरी मर्यादा ५ टक्के आहे. या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते : घट्ट ग्रॅनाइटला सीलर पाजणे बहुतेक वेळा व्यर्थ असते. दगड तो पितच नाही, आणि न प्यायलेले रसायन वर चिकट साय धरून बसते. मऊ वालुकाश्मावर मात्र तेच रसायन कामाला येते. थंड प्रदेशात तर हा प्रश्न डागांपुरता राहत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, आणि भिजलेल्या दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

दगडाला काहीतरी पाजून पाणी रोखण्याची कल्पना जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने उघड्यावरच्या फरशीच्या सांध्यांत तेलात कालवलेला चुना भरण्याची आणि दरवर्षी हिवाळ्याआधी फरशीला तेलाचा गाळ पाजण्याची शिफारस केली आहे, म्हणजे हिम आत शिरणार नाही. पुढे जवसाचे तेल आणि मेण यांचाही वापर झाला. दोन्हींमुळे दगड काळवंडतो, पिवळट पडतो आणि धूळ धरून ठेवतो. सिलिकॉनच्या संयुगांकडे लक्ष वळले ते १८६१ मध्ये. लंडनच्या संसदभवनाचा दगड झिजत असताना रसायनशास्त्रज्ञ आउगुस्ट व्हिल्हेल्म फोन होफमान यांनी सिलिसिक अम्लाचे एस्टर वापरून पाहण्याचे सुचवले. ते प्रामुख्याने भुसभुशीत दगड बांधून ठेवण्यासाठी होते. १९४० मध्ये यूजीन रोचो यांनी मिथाइल क्लोरोसिलेन थेट सिलिकॉनपासून बनवण्याची पद्धत शोधली. आजच्या सिलेन-सिलोक्सेन (सिलिकॉनची पाणी झटकणारी संयुगे) सीलरची स्वस्ताई त्याच वाटेने आली.

बाजारात नावे असंख्य असली तरी मुळात सीलर दोनच तऱ्हेचे. पहिला मुरणारा. सिलेनचे रेणू लहान असल्याने खोल जातात, सिलोक्सेनचे मोठे असल्याने वरच्या थरात अडकतात. म्हणून अनेकदा दोन्हींचे मिश्रण देतात. पोकळ्यांच्या भिंतींना हे रेणू रासायनिक बंधाने चिकटतात आणि पाणी न भावणारे टोक बाहेर ठेवतात. पोकळी उघडीच राहते, फक्त तिची भिंत ओली होत नाही. पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे निघून जाते. फरशीचा रंग, पोत आणि खरखरीतपणा फारसा बदलत नाही. मात्र सिलेनला ग्रॅनाइट, वालुकाश्म व काँक्रीट यांतील सिलिकेटयुक्त पृष्ठभाग मानवतो. चुनखडक व संगमरवर ज्याचे बनलेले असतात त्या कॅल्साइट या खनिजावर तसा बंध नीट जुळत नाही, आणि तिथे हा सीलर तितकासा टिकत नाही. शिवाय हे सीलर पाणी अडवतात, तेल नाही. तेलाचे डाग रोखायचे तर फ्लोरिनयुक्त बहुवारिक (पॉलिमर) लागते. ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर अनेक ठिकाणी निर्बंध येऊ लागले आहेत.

दुसरा थर धरणारा : अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी. याने दगड ओला असल्यासारखा गडद व चकचकीत दिसतो, आणि बहुतेक लोक त्या दिसण्यालाच भुलतात. पेव्हरच्या सांध्यांतली वाळूही तो बांधून ठेवतो, हा त्याचा खरा फायदा. पण खालून ओल येत असेल तर ती थराखाली अडकते, थर दुधाळ होतो, फोड येतात आणि सोलपटे निघतात. द्रावकात बनवलेला अ‍ॅक्रिलिक थर झायलीनसारख्या द्रावकाने पुन्हा मऊ करून दुधाळपणा कधीकधी घालवता येतो. पॉलियुरेथेन व इपॉक्सीला तो उपाय चालत नाही, थर खरवडूनच काढावा लागतो. इपॉक्सी तर उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी पडते. उघड्यावर तिचे कामच नाही.

जलतरण तलावाच्या काठावर प्रश्न अधिक नाजूक होतो. क्षारयुक्त पद्धतीच्या तलावात लिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असते, समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण काठावर उडालेले पाणी सुकते, मीठ मागे राहते, पुन्हा पाणी उडते. असे रोज होते. पोकळीच्या आत स्फटिक वाढू लागले की दगडाचा पृष्ठभाग पिठासारखा गळतो. मुरणारा सीलर इथे उपयोगी पडतो, कारण तो खारे पाणी आत जाऊच देत नाही. पण एकदा मीठ आत गेल्यावर सीलर लावला तर स्फटिक त्याच्या मागेच वाढतात आणि वरचा थर ढलपीसारखा उडतो. तलावाचा सामू (पीएच) सांभाळण्यासाठी वापरलेले हायड्रोक्लोरिक अम्ल सांडले तर चुनखडक, संगमरवर व ट्रॅव्हर्टाइन यांच्यावर चट्टा उठतो. हा डाग नव्हे. दगडच विरघळलेला असतो, आणि मुरणारा सीलर ते थांबवू शकत नाही. उष्ण झऱ्यांच्या पाण्यातून साचलेला ट्रॅव्हर्टाइन फिकट रंगामुळे अनवाणी पायांना कमी चटका देतो, म्हणून तलावाकाठी आवडता आहे; त्याची भोके मात्र सीलरने भरत नाहीत, त्यासाठी वेगळा भराव लागतो.

चकचकीत थर ओला झाला की घसरतो. झुलता लंबक फरशीवर घासून पकड मोजणाऱ्या, ब्रिटनमध्ये रुजलेल्या लंबक चाचणीत ओल्या फरशीचा आकडा ३६ किंवा जास्त आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. थरात बारीक प्लास्टिकचे मणी किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा कीस मिसळून पकड वाढवता येते. तलावाकाठी मुळात असा थर घालून मग त्यावर खरखरीतपणा शिंपडणे हा आधी चूक करून मग ती निस्तरण्याचाच प्रकार आहे.

नव्या पेव्हरवर पांढरा लोणा फुटतो. सिमेंटमधले कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्याबरोबर वर येते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते. घाईने सीलर लावला तर हा पांढरेपणा त्याखाली कोंडला जातो. म्हणून बसवल्यानंतर एक ते तीन महिने थांबतात, लोणा फुटू देतात आणि धुऊन काढतात.

सीलर लावण्यापेक्षा आधीची तयारी जास्त वेळ खाते. शेवाळ, ग्रीस व जुना थर काढून फरशी धुतल्यावर किमान २४ ते ४८ तास कोरडी होऊ देतात. खालून ओल येते का हे पाहायला १८ इंच चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून १६ तास ठेवतात. कागदाच्या आत थेंब दिसले किंवा दगड गडद झाला तर काम पुढे ढकलायचे. हवा साधारण १० ते ३० अंश सेल्सिअस असावी आणि फरशीवर कडक ऊन नसावे, नाहीतर रसायन मुरण्याआधीच सुकते. मुरणारा सीलर लावून पाच ते पंधरा मिनिटांनी न शोषलेला भाग फडक्याने पुसून घ्यावा लागतो. हे पुसणे टाळले की वर पांढरट, चिकट पट्टे राहतात. सीलरबद्दलच्या कितीतरी तक्रारींचे मूळ इतकेच असते. आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर लावून रंग कसा येतो ते पाहणे शहाणपणाचे.

अ‍ॅक्रिलिक थर एक ते तीन वर्षांत पुन्हा द्यावा लागतो, मुरणारा सीलर साधारण तीन ते पाच वर्षे टिकतो. पाण्याचा मोती उठेनासा झाला म्हणजे सीलर संपला, असे सर्रास समजतात. ऊन आणि पावलांनी वरच्या पृष्ठभागावरचे रसायन आधी झिजते, आतले शाबूत असू शकते. खरी खूण वेगळी : फरशीवर थोडे पाणी टाकून काही मिनिटांनी पुसावे, खालचा दगड गडद झाला असेल तर तो पुन्हा पाणी पिऊ लागला आहे.