लातूरच्या उन्हाचा आकडा कुठून येतो?

औशाच्या शिवारात सौर पंप बसवायचा असो की परांड्याच्या माळावर मोठा सौर प्रकल्प उभारायचा, पहिला प्रश्न एकच: इथं वर्षभर ऊन किती पडतं? मराठवाड्यात सपाट जमिनीच्या दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाच ते साडेपाच युनिट ऊर्जा पोचते. जर्मनीत ती तीनच्या आसपास असते. आपला हा आकडा एकट्या भारतानं काढलेला नाही. त्यामागे अनेक देशांनी वर्षानुवर्षं एकमेकांना दिलेल्या नोंदी आहेत.

जमिनीवर ऊन मोजतात ते पायरॅनोमीटरनं. काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग असतो, तो तापला की अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, त्यावरून उन्हाची तीव्रता कळते. पण मोंढ्यात प्रत्येक आडत्याचं वजन वेगळं असतं तर भावाला काय अर्थ उरला असता? म्हणून स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथं उन्हाचं जागतिक प्रमाण माप जपलेलं आहे. साधारण दर पाच वर्षांनी देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपापली उपकरणं तिथं नेतात, एकाच सूर्याकडे रोखतात आणि जुळवून घेतात. भारतात हवामान खात्यानं किरणमापनाचं जाळं १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला त्या काळात, उभारायला घेतलं. १९६४ पासून जगभरच्या अशा नोंदी रशियातल्या एका केंद्रात एकत्र ठेवल्या जातात. शीतयुद्धाच्या ऐन भरातही हे काम थांबलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण गावोगावी पायरॅनोमीटर कुठून आणणार? तिथं उपग्रह कामी येतात. युरोपानं हिंदी महासागरावर आणून ठेवलेला मेटिओसॅट दर पंधरा मिनिटांनी आपल्यावरच्या ढगांचं चित्र घेतो. ढगांनी किती प्रकाश परत फेकला ते त्यात दिसतं. हवेतली धूळ आणि बाष्प किती शोषतात ते जमेस धरून, जमिनीवर किती उरलं याचा हिशोब होतो. हा हिशोब जमिनीवरच्या नोंदींशी ताडून पाहतात. जागतिक बँकेचा सौर नकाशा अशाच पद्धतीनं तयार झाला आणि २०१७ पासून तो सगळ्यांना फुकट पाहता येतो. नकाशात आपलं गाव शोधायचं, आकडा समोर येतो.

ऊर्जेची माहिती वाटून घ्यायची निकड जगाला १९७३ च्या तेलसंकटानं पटवली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. २०१५ मध्ये भारत आणि फ्रान्सनं आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली. तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे.

मराठवाड्याला याची गरज इतरांहून जास्त आहे. २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. सौर पॅनेलला वाफ करायला पाणी लागत नाही, धुण्यापुरतं लागतं. मात्र पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापलं, तर सातवा हिस्सा तिथंच गेला.

आणि धूळ वेगळीच. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, हरभरा मळणीला आला, की बारीक भुसा आणि काळ्या मातीचा फुफाटा पॅनेलवर बसतो. त्यानं किती वीज जाते, हे दावोसमध्ये किंवा उपग्रहावरून कळणार नाही. ते इथंच मोजावं लागेल, आणि त्याला फारसा खर्चही नाही. दोन सारखी पॅनेलं शेजारी लावायची, एक रोज पुसायचं, दुसरं तसंच सोडायचं आणि दोन्हींचा विद्युतप्रवाह रोज लिहून ठेवायचा. परभणीचं कृषी विद्यापीठ, नांदेडचं विद्यापीठ, गावोगावची विज्ञान महाविद्यालयं हे करू शकतात. नोंदीबरोबर ठिकाण, तारीख, पॅनेलचा कल, आसपासचं पीक आणि पाऊस लिहावा, आणि ती वही कपाटात न ठेवता सगळ्यांसाठी खुली करावी. सुदान, माली किंवा राजस्थानातल्या माणसालाही किती दिवसांनी पॅनेल धुवावं, पाणी कुठं वाचवावं, हेच तर ठरवायचं असतं.