पर्यवेक्षकांच्या पगाराचा प्रश्न आला कुठून?

वेळापत्रक बसवायचं, रजेवरच्या शिक्षकाच्या तासिकेला दुसऱ्याला पाठवायचं, उत्तरपत्रिका वेळेत तपासून घ्यायच्या, पालकांची तक्रार मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी ऐकून घ्यायची. नागपुरातल्या अनुदानित माध्यमिक शाळांत हे सगळं पर्यवेक्षक सांभाळतात आणि स्वतःचे वर्गही घेतात. तरी पगारपत्रकात त्यांचा आकडा निवड श्रेणीतल्या, म्हणजे सेवेच्या वर्षांवर वरची वेतनश्रेणी मिळालेल्या, शिक्षकाच्या आसपासच असतो. हा अन्याय आहे, आणि तो कोणा एका सरकारने एका दिवसात केलेला नाही.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम १५ जुलै १९८१ पासून लागू झाला, सोबत नियमावली आली. त्याआधी संस्थाचालकाची मर्जी हाच पुष्कळ ठिकाणी कायदा होता, म्हणून या अधिनियमाचं मोल मोठं. पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक ही पदं नियमावलीत आली, ती सेवाज्येष्ठतेने भरायची असं ठरलं.

पुढे शिक्षकांसाठीच्या चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशींवरून १ जानेवारी १९८६ पासून १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी मिळू लागली. निवड श्रेणी मात्र २० टक्के पदांपुरतीच. बढतीची पदं मोजकी असल्यामुळे वर्षानुवर्षं एकाच वेतनश्रेणीत अडकलेल्या शिक्षकांना यातून खरा न्याय मिळाला. पण पगार सेवेच्या वर्षांवर वाढू लागल्यावर जबाबदारीच्या पदाचं वेगळेपण पुसट झालं. वीस-बावीस वर्षं शिकवून पर्यवेक्षक झालेल्या माणसाच्या हाती तेव्हा कामाचा बोजा तेवढा नवा पडतो.

मग दाद कुठे मागायची? शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सुंदरंबाल प्रकरणात स्पष्ट केलं. कारखान्यातल्या युनियनला मिळणारा तो मार्ग शिक्षकांच्या संघटनांना त्यामुळे बंद आहे. शाळा न्यायाधिकरण आहे, पण १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली तिथे बडतर्फी, पदावनती, बढतीत डावललं जाणं अशा तक्रारी चालतात. ज्येष्ठता डावलली गेली तर पर्यवेक्षक तिथे जाऊ शकतो. वेतनश्रेणीच अपुरी आहे, ही तक्रार तिथे बसत नाही.

उरतो विधिमंडळाचा रस्ता, आणि नागपूरला तो चांगला ठाऊक आहे. राज्यघटनेच्या कलम १७१ मुळे माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक विधान परिषदेवर आपले प्रतिनिधी पाठवतात. नागपूर विभागाच्या या जागेवर विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे वि. उ. डायगव्हाणे दीर्घकाळ होते. त्यांच्यानंतर शिक्षक परिषदेचे नागो गाणार आले, आणि २०२३ मध्ये पुन्हा विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले निवडून आले. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्च्यांत शिक्षकांचे झेंडे ठरलेलेच.

या संघटनांनी पर्यवेक्षकाला कधी वाऱ्यावर सोडलं नाही, पण तो त्यांच्यालेखी शिक्षकच राहिला. मोर्च्यात पुढे राहिले ते विनाअनुदानित शाळांचे, रखडलेल्या वेतनाचे आणि नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनचे प्रश्न. मार्च २०२३ चा संपही पेन्शनसाठीच होता. ते प्रश्न पोटाचे आहेत, त्यांना मागे सारा असं म्हणवत नाही. मुख्याध्यापकांचे वेगळे संघ आहेत, त्यांचा भर मुख्याध्यापकांवर. या दोघांच्या मधे उभ्या असलेल्याची मागणी निवेदनाच्या शेवटच्या कलमात जाते.

त्यात पदही आता डळमळीत आहे. २८ ऑगस्ट २०१५ आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयांनी संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला पटानुसार किती पदं मंजूर करायची याचे, निकष बदलले. पट घसरला की शिक्षकांची पदं घटतात, आणि मधल्या पदांचाही आधार जातो. काम मात्र उरतंच. ते कोणीतरी ज्येष्ठ शिक्षक पदनामाशिवाय आणि वेगळ्या मोबदल्याशिवाय करतो.

सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, आणि वेतनत्रुटींवरच्या बक्षी समितीच्या अहवालाचा दुसरा खंड सरकारने २०२३ मध्ये स्वीकारला. पुढच्या वेतन आयोगाची चर्चा सुरू असताना संघटनांनी पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापकांचं वेगळं निवेदन द्यायला हवं: निवड श्रेणीच्या वरची स्वतंत्र वेतनश्रेणी आणि पर्यवेक्षणाच्या कामापुरती तासिकांत सूट.