मेमरी कार्ड ड्राइव्हची डबी (जुने होम कॉम्प्युटर)

कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो अशा १९८०च्या दशकातल्या मशीनना फ्लॉपी किंवा कॅसेटच्या जागी एसडी कार्ड जोडायला जो छोटा बोर्ड लागतो, त्या बोर्डाचं कवच म्हणजे ही डबी. कुणी केस म्हणतं, कुणी बॉक्स, आमच्याकडे नाशकात सरळ डबी. बोर्ड टेबलावर उघडा टाकला तरी चालतो, त्यामुळे बऱ्याच जणांना डबी म्हणजे हौसेचा खर्च वाटतो, पण एकदा का वायर ओढली गेली की मत बदलतं.

सगळ्यात जास्त गरज स्पेक्ट्रमला. १९८२च्या या मशीनच्या मागच्या बाजूला वेगळा सॉकेट असा नाहीच, आतल्या बोर्डाची कडच बाहेर दिसते आणि डिव्हएमएमसीसारखा इंटरफेस, म्हणजे एसडी कार्डाचा बोर्ड, थेट त्या कडेवर खोचायचा असतो, म्हणजे आपण कीबोर्डवर जोरात टाइप केलं की मशीन हलतं, मशीन हललं की मागचा बोर्ड डुलतो, आणि क्षणभर जरी कॉन्टॅक्ट सुटला तरी मशीन हँग नाहीतर रिसेट. हे दुखणं जुनं आहे, आधीच्या झेडएक्स ८१ च्या रॅमपॅकलाही (मागे खोचायची जादा मेमरी) हेच व्हायचं. त्यात कडेवर ५ व्होल्ट आणि ९ व्होल्टची लाइन शेजारीशेजारी, त्यामुळे बोर्ड तिरका बसला तर नुसतं हँग होऊन भागेलच असं नाही. म्हणून स्पेक्ट्रमच्या डबीचा तळ टेबलाला टेकला पाहिजे आणि तिची उंची अशी हवी की कनेक्टर कडेच्या बरोबर रेषेत येईल. एक मिलिमीटरही जास्त झाला तर मशीन मागून उचललं जातं! आणि खोचताना-काढताना पॉवर बंद, हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

कमोडोरचं प्रकरण सोपं आहे. तिथे एसडी२आयईसी नावाचा बोर्ड ६ पिनांच्या गोल डिन प्लगच्या वायरने जोडतात आणि ५ व्होल्ट बहुतेक वेळा कॅसेट पोर्टवरून घेतात. मूळचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे भलंमोठं धूड, त्यात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, आणि फ्लॉपीच्या एका बाजूवर मावायचं जेमतेम १७० केबी. त्याची चिमुकली नक्कल करून आत एसडीचा बोर्ड बसवायची लोकांना भारी हौस, दिसतंही गोड. पण इथे खरी काळजी वायरची. दोन वायरी बाहेर येतात, त्या ओढल्या गेल्या तर सोल्डर उखडतं, म्हणून आतल्या बाजूला केबल टाय नाहीतर चक्क गाठ मारायची. डिस्क बदलायच्या बटणांना आणि एलईडीला भोकं लागतात. डबी थ्रीडी प्रिंटरवर काढली तर भोक नेहमी थोडं लहानच निघतं, त्यामुळे ३ मिमीच्या एलईडीला ३.२ धरावं.

बीबीसी मायक्रो आपल्याकडे १९८४ पासून सरकारच्या क्लास नावाच्या, शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या प्रकल्पातून शाळाशाळांत आला होता, त्यामुळे ते नाव ऐकलेले लोक अजून भेटतात. त्याचा यूजर पोर्ट, म्हणजे बाहेरचं काही जोडायची जागा, मशीनच्या पोटाखाली, २० पिनांचा. तिथून चपटी रिबन केबल पुढे काढून डबी बाजूला ठेवायची, बास.

कार्डाच्या खाचेवर मात्र वेळ घालवावा. एसडी कार्ड २४ मिमी रुंद आणि २.१ मिमी जाड, खाच २५ बाय ३ ठेवली तर अडकत नाही. दाबून आत जाणारा, दाबून बाहेर येणारा सॉकेट असेल तर बोटाला अर्धगोल खळगा हवाच. आणि सॉकेट भिंतीपासून लांब राहिला तर मायक्रोएसडी कार्ड फटीतून डबीच्या पोटात पडतं, मग स्क्रू काढत बसा.

मटेरियलचं म्हणाल तर थ्रीडी प्रिंटवाले पहिल्यांदा पीएलए नावाचं प्लास्टिकच हातात देतात, ते साधारण ६० अंशाला मऊ पडतं. मे महिन्यात कॉलेज रोडला गाडी उन्हात लावून मी रसवंतीत बसलो, परत येऊन बघतो तर डॅशबोर्डवरच्या डबीचं झाकण केळ्यासारखं वाकलेलं. पीईटीजी ८० च्या आसपास टिकतं, एबीएस त्याहून वर. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत मोल्डिंगची कामं होतात, पण पाच-दहा नगांसाठी साचा बनवणं परवडत नाही, तेव्हा प्रिंट किंवा बाजारातला तयार प्लास्टिकचा प्रोजेक्ट बॉक्स घेऊन कानशीने घासत बसणं, हे दोनच मार्ग.

हवेसाठी जाळी ठेवायचा लोकांना मोह होतो, ती नको. कार्ड ३.३ व्होल्टवर चालतं, ५ व्होल्ट खाली आणताना रेग्युलेटर १.७ व्होल्ट खातो, १०० मिलिअँपिअर धरले तरी पाव वॅटसुद्धा उष्णता होत नाही. जाळीतून धूळ मात्र जाते.

घरातला चिवड्याचा पत्र्याचा डबा वापरला तरी चालतो का, हे हमखास विचारतात. चालतो, फक्त बोर्डाखाली प्लास्टिकचे स्पेसर आणि तळाला जाड पुठ्ठा, नाहीतर सोल्डरची टोकं पत्र्याला टेकून शॉर्ट. आणि डबा आधी नीट धुऊन वाळवा, तेलकट शेवेचा वास चांगला दोन महिने जात नाही.