आठवड्याचं जेवण: आधी ठरवणं वेगळं, आधी करून ठेवणं वेगळं

रविवारी दुपारी पाच भाज्या शिजवायच्या, डब्यांत भरायच्या, डब्यांवर वार लिहून फ्रिजात रचायच्या. आठवड्याच्या स्वयंपाकाचं नियोजन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं. खरं तर ही झाली पूर्वतयारी. नियोजन त्याच्या आधी होतं आणि त्याला कागद, पेन आणि फ्रिज उघडून आत काय आहे ते बघण्याइतका वेळ पुरतो. दोन्ही कामं सुट्टीच्याच दिवशी होतात म्हणून गल्लत होते. मोठ्या घरात ती खपून जाते, कारण केलेलं संपतंच. दोघांच्या, किंवा दोघं आणि एक लहान मूल अशा घरात मात्र गुरुवारी फ्रिजात कुणालाच नको असलेले डबे उरतात.

आपलं नक्की कुठे अडतं, ते आधी बघावं. संध्याकाळी सात वाजता 'आज काय करू?' म्हणून ओट्यापाशी उभं राहायची वेळ येत असेल, तर अडतंय ठरवण्यापाशी. तिथे सोललेल्या लसणाची बरणी काही उपयोगाची नाही. काय करायचं ते ठाऊक आहे, पण ऑफिसातून येऊन गवार मोडत बसायचं त्राण नाही, असं असेल तर पूर्वतयारी हवी.

नियोजनाचा गाभा म्हणजे क्रम. कुठल्या वारी कुठली भाजी, हे आवडीपेक्षा ती किती टिकते त्यावर ठरवावं. मेथी, पालक, चाकवत पहिल्या दोन दिवसांत. भेंडी, गवार, वांगी मधल्या वारांना. कोबी, लाल भोपळा शेवटी. आणि मंडईतून आणलेलं संपलं की कडधान्यं. मटकीला आठ-दहा तास भिजायला लागतात, मग कपड्यात बांधल्यावर उन्हाळ्यात रात्रीत मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवसही जातात. म्हणजे शुक्रवारची उसळ बुधवारी किंवा गुरुवारी सकाळीच सुरू होते. हे कागदावर नसेल तर मटकीची आठवण शुक्रवारी संध्याकाळी येते आणि जेवण बाहेरून येतं. भिजवणं ही तयारी खरी, पण ती कधी करायची हे नियोजन सांगतं.

लहान घराची खरी अडचण मापाची आहे. मेथीची जुडी दोघांसाठी बांधलेली नसते. मग ती कागदावर दोनदा लिहायची: आज परतून भाजी, उद्या उरलेली चिरून थालीपिठात. दुधी अर्धा भाजीला, अर्धा किसून पराठ्यांना. तूरडाळ एकदाच थोडी जास्त शिजवली तर पहिल्या दिवशी साधं वरण आणि दुसऱ्या दिवशी चिंच-गुळाची आमटी किंवा वरणफळं होतात. घरात एकाचा गुरुवार असेल तर त्या रात्री भाजी एकापुरतीच लागते, हेही मांडून ठेवावं. शिवाय आठवड्यात एक जेवण मुद्दाम कोरं सोडावं. फोडणीची पोळी त्याच दिवशी होते, आणि कुणी जेवायला बोलावलं तर ठरवलेलं वायाही जात नाही. चौदाच्या चौदा जेवणं भरलेला तक्ता मला तरी संशयास्पद वाटतो.

पूर्वतयारीत पुन्हा दोन तऱ्हा आहेत: जिन्नस तयार ठेवणं आणि पदार्थच करून ठेवणं. लहान घराला पहिली मानवते. दाण्याचं कूट, खवलेलं खोबरं, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेत गोठवून: यातलं काहीही कुठल्याही भाजीत जातं, त्यामुळे बेत बदलला तरी हरकत नाही. कोथिंबीर निवडून, न धुता कागदात गुंडाळावी. भेंडी मात्र आधी चिरू नये, बुळबुळीत होते. मळलेली कणीक दुसऱ्या दिवशी काळपट पडते. तिच्या पोळ्या होतात, पण आपल्याला ताज्यासारख्या लागत नाहीत.

शिजवलेले पदार्थ फ्रिजात 5 अंश सेल्सिअस किंवा त्याखालच्या तापमानात तीन-चार दिवसच धरावेत. म्हणजे रविवारी केलेली भाजी शुक्रवारी खायची हा बेत इथेच बाद होतो. गोठवायचं तर उणे 18 अंश लागतं, आणि एका दाराच्या फ्रिजातल्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी धरून चालता येत नाही. भाताला तर वेगळं जपावं लागतं. 'बॅसिलस सेरिअस' या जिवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजात जायला हवा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देणं हे कितीही पिढ्यांनी केलेलं असलं तरी धोक्याचंच.

दोन्हींतलं एकच जमणार असेल तर मी नियोजन निवडेन. तयारी नसली तर फार तर जेवायला उशीर होतो. नियोजनाशिवाय केलेली तयारी फुकट जाऊ शकते.

पोळी-भाजीला मावशी येत असतील तर हा फरक फारच स्पष्ट दिसतो. निवडणं-चिरणं त्याच करतात, आपल्याला पूर्वतयारीची फारशी गरज नसते. पण त्या दारातच विचारतात, 'आज काय करायचं?' त्यांच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी लावायची तर नुसतं भाजीचं नाव पुरत नाही, मापही लिहावं लागतं: गवार पाव किलो, पोळ्या सहा, भात एकाच वेळचा.