प्रसाद, रक्त आणि यरुशलेमचे चार नियम : पार्श्वभूमी

सत्यनारायणाचा किंवा गणपतीचा प्रसाद शेजारून आला की मराठी ख्रिस्ती घरांत वाद होतो आणि दोन्ही बाजूंकडे वचन तयार असते. नको म्हणणारे प्रेषितांची कृत्ये १५:२९ काढतात, चालेल म्हणणारे १ करिंथ ८:४ (‘मूर्ती काहीच नाही’).

पहिल्या वचनाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेममधल्या प्रेषितांच्या सभेने यहुदीतर विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती केली नाही, पण चार गोष्टी वर्ज्य ठरवल्या : मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळीने रक्ताची बंदी पुढे चालवली. ६९२ च्या परिषदेने ती नव्याने बजावली आणि तिथे ती आजही आहे. पश्चिमेकडे, म्हणजे रोमच्या मंडळीत, ती हळूहळू सुटली. १४४२ च्या पोपच्या फर्मानाने कारणही दिले : यहुदी आणि यहुदीतरांना एका पंगतीला बसता यावे म्हणून तो नियम होता, ती गरज संपली, नियमही संपला. गोव्याचे सोरपोतेल डुकराच्या रक्तासह शिजते ते या मुभेमुळे. त्याच गोव्यात पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशनच्या) १७३६ च्या फर्मानाने दारातली तुळस, धोतर आणि मीठ न घालता शिजवलेला भातसुद्धा ख्रिस्ती माणसाला निषिद्ध केला. शास्त्रात ज्याचा उल्लेख आहे ते सोडून दिले आणि ज्याचा नाही ते लादले. धर्मन्यायालयाचा हा वारसा कोकणपट्टीत अजून पुरता पुसलेला नाही.

एकाच वचनातले रक्त कालबाह्य, जारकर्म कायमचे वर्ज्य आणि नैवेद्य वादग्रस्त असेल, तर ते एकटे वचन निकाल देऊ शकत नाही. निकालाची कसोटी करिंथच्या पत्रात आहे. साधारण ५४-५५ साली लिहिलेल्या या पत्रात पौल प्रसंग वेगळे करतो. देवळातल्या पंगतीला बसणे : नाही (१०:२१). बाजारातले मांस : चौकशी न करता घ्या (१०:२५). हलाल मांसाचा प्रश्नही अनेक जण इथेच सोडवतात. कुणाच्या घरचे जेवण : वाढतील ते खा, पण ‘हे देवाला वाहिलेले आहे’ असे कुणी सांगितले तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका (१०:२७-२८).

या मोजमापाने दिवाळीचा फराळ घरच्या जेवणात मोडतो, त्याची उलटतपासणी नको. ‘घ्या, बाप्पाचा प्रसाद’ म्हणून हातावर ठेवलेला मोदक मात्र शेवटच्या अटीत येतो. तो नम्रपणे नाकारावा. ‘मूर्ती काहीच नाही’ हे आठव्या अध्यायातले वाक्य दहाव्यापर्यंत न वाचता वापरणे ही इथली नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक ‘दुर्बळ भावा’ची : तुमच्या खाण्याने तो अडखळू नये, असे पौल त्याच पत्रात बजावतो. ८:१० मधला दुर्बळ म्हणजे तुमचे पाहून स्वतःच्या मनाविरुद्ध खाणारा, बहुधा नुकताच मूर्तिपूजा सोडून आलेला. मंडळीतले जुने, पक्के सभासद कुणाच्या ताटाकडे पाहून खायला लागणार नाहीत, त्यांना फक्त राग येतो. त्यांच्या नाराजीला ‘अडखळण’ म्हणून इतरांवर बंधने घालणे या अध्यायात बसत नाही. घरात नवा बाप्तिस्मा झालेला कुणी असेल तर मात्र त्याच्यासमोर फराळाचे ताटही विचार करूनच घ्यावे.