दोन्ही 'बारा बाय बारा', मग फरक कुठे?

आषाढ लागला की परभणीच्या मोंढ्यात फवारणीच्या पंपांचे ढीग लागतात. गेल्या काही हंगामांपासून एकाच पंपाचे दोन प्रकार दिसतात, एक साध्या, म्हणजे शिशाच्या, बॅटरीचा आणि एक लिथियमचा. दोन्हींच्या खोक्यावर '१२ बाय १२' छापलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्ट आणि १२ अँपिअर-तास (किती प्रवाह किती तास मिळेल, याचं माप). "दोन्ही बारा बाय बाराच, मग लिथियमला ज्यादा पैसे कशाचे, शेठ?" हा गिऱ्हाइकाचा प्रश्न अगदी रास्त आहे. "मामा, नवी टेक्नॉलॉजी आहे" एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये. खरं उत्तर बॅटरीच्या पोटात आहे.

वजनाचा फरक हातात घेतल्याबरोबर कळतो. बारा बाय बाराची शिशाची बॅटरी साडेतीन किलोच्या आसपास भरते, तेवढ्याच क्षमतेचा लिथियम पॅक साधारण एक किलोचा. सोळा लिटरची टाकी पाठीवर घेऊन चिखलात सऱ्या तुडवणाऱ्या माणसाला हे अडीच किलो दिवसभरात चांगलेच जाणवतात. शिशाचा अणुभार २०७ आणि लिथियमचा ७, शिवाय बॅटरी ज्या सुट्या सेलांची बनते, त्यात शिशाचा एक सेल २ व्होल्टचा आणि लिथियमचा सव्वातीन ते पावणेचार व्होल्टचा, म्हणून बारा व्होल्टला लिथियमचे सेल कमी लागतात. वजनाचं गणित एवढ्यात उरकतं.

त्याहून महत्त्वाचा आहे तो छापलेला दुसरा १२, अँपिअर-तासांचा. तो खोटा नाही, पण त्याला एक अट असते. शिशाच्या बॅटरीची क्षमता सहसा २० तासांच्या हिशोबाने मोजतात. म्हणजे ०.६ अँपिअर एवढा थोडा थोडा प्रवाह घेतला, तर ती २० तास पुरेल. पंपाची मोटर मात्र ३ अँपिअरच्या आसपास ओढते. १२ भागिले ३ म्हणजे ४ तास चालायला हवी, पण चालते जेमतेम ३. जोरात ओढलं की बॅटरी हिशोबापेक्षा कमी देते, हा नियम विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. मग उरलेला एक तास जातो कुठे?

मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो, म्हणून जरा थांबून पाहू. शिशाच्या बॅटरीत एक प्लेट सच्छिद्र शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, आणि मध्ये गंधकाम्ल. १८५९ मध्ये गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिली बॅटरी केली, तेव्हापासून हे रसायन बदललेलं नाही. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांचं शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होतं आणि गंधकाम्लाचं पाणी होत जातं. म्हणूनच ट्रॅक्टरच्या बॅटरीची 'ग्रॅव्हिटी' बघून मेकॅनिक ती किती भरली आहे ते सांगू शकतो. भरलेल्या बॅटरीत आम्लाची सापेक्ष घनता १.२६ ते १.२८ असते आणि उतरली की ती पाण्याकडे सरकते. या बॅटरीत आम्ल नुसतं मध्यस्थ नाही, ते प्लेटांइतकंच खर्च होतं.

आता प्लेटच्या आत चला. प्लेट स्पंजासारखी असते, हजारो बारीक छिद्रांची, आणि रासायनिक क्रिया त्या छिद्रांच्या भिंतींवर चालते. मोटर ३ अँपिअर ओढू लागली की छिद्रातलं आम्ल झपाट्याने संपतं. बाहेर, पंपातल्या सीलबंद बॅटरीत काचतंतूंच्या जाळीत शोषलेलं, आम्ल शिल्लक असतंच, पण त्याला आत झिरपायला वेळ लागतो. त्यात आणखी एक अडचण: शिशाचं सल्फेट झालं की ते मूळ शिशाच्या अडीच पटीहून जास्त जागा व्यापतं. छिद्रं आतून बुजत जातात आणि आम्लाची वाट अरुंद होते. व्होल्टेज कोसळतं, पंप थांबतो. प्लेटच्या गाभ्यात कितीतरी शिसं अजून कोरं, वापरायचं राहिलेलं असतं. उरलेला तास तिथेच अडकलेला असतो.

याचा पुरावा शेतकरी दर हंगामात पाहतात. पंप बंद पडला म्हणून शेतातल्या आखाड्यावर टेकवावा, भाकरी खावी आणि परत बटण दाबावं, तर अर्धी टाकी आणखी निघते. चार्जिंग कुणी केलेलं नसतं. तेवढ्या विसाव्यात आम्ल छिद्रांत झिरपलेलं असतं, एवढंच.

लिथियमच्या पॅकमध्ये ही भानगड जवळजवळ नाही. तिथे एका बाजूला ग्राफाइट असतं, पेन्सिलीत असतं तेच, कार्बनच्या पातळ थरांचं. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, या थरांच्या फटीत जाऊन बसतात. पंप चालू केला की तिथून निघतात, मधला द्रव ओलांडतात आणि पलीकडच्या लोह-फॉस्फेट किंवा निकेल-कोबाल्टच्या स्फटिकात शिरतात. जेवढे एका बाजूने द्रवात उतरतात तेवढेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात, त्यामुळे द्रव खर्चच होत नाही. प्लेटाही विरघळत नाहीत. शिशाची बॅटरी रोज घर पाडून त्याच विटांनी परत बांधते, लिथियममध्ये घर तसंच राहतं आणि माणसं फक्त ये-जा करतात. या कल्पनेवर स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांनी काम केलं. सोनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आणली आणि तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून लिथियमचा १२ हा ३ अँपिअर ओढूनही बाराच्या जवळ राहतो. व्होल्टेजही शेवटपर्यंत फारसं ढळत नाही. साध्या पंपात शेवटच्या टाकीला दाब कमी होतो, थेंब जाड होतात, आणि सोयाबीनच्या शेवटच्या ओळींना औषध कमी बसतं. लिथियमचा फवारा एकसारखा चालतो आणि मग एकदम बंद होतो, कारण आतलं संरक्षक सर्किट प्रवाह तोडतं. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. तो बिघाड नाही.

दिवाळीनंतर पंप कोपऱ्यात जातो, तिथे दोघांच्या सवयी अगदी उलट. शिशाची बॅटरी उतरलेली ठेवली तर सल्फेटचे बारीक स्फटिक हळूहळू विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमतात. हे मोठे, कठीण स्फटिक पुढे चार्जरला दाद देत नाहीत आणि जूनमध्ये बॅटरी 'धरत' नाही. म्हणून ती पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत चार्ज करावी. लिथियम मात्र साधारण अर्धं भरून, थंड जागी ठेवावं. पूर्ण भरलेल्या पॅकमध्ये ग्राफाइटवरचा संरक्षक थर उन्हाळ्याच्या उष्णतेत भराभर जाड होतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. दर ८-१० अंशांनी शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, हा ढोबळ नियम इथे कुणी विसरू नये.

मेलेली बॅटरी पावडर टाकून जिवंत करून देतो म्हणणारे आठवडी बाजारात भेटतात. ही फसवणूक फार जुनी आहे. अमेरिकेत 'एडी-एक्स टू' नावाच्या अशाच पावडरीत मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेट होतं. तिथल्या सरकारी मानक संस्थेने ती निरुपयोगी ठरवली, तर १९५३ मध्ये संस्थेचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांनाच पदावरून हटवण्यात आलं. शास्त्रज्ञ खवळून उठले तेव्हा त्यांना परत घ्यावं लागलं. पावडरवर पैसे घालवू नका. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हाही समज लाकडी आणि रबरी डब्यांच्या काळातला. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून फरशीत काही जात नाही.

सगळीकडे लिथियमच घ्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. ट्रॅक्टरला स्टार्टर मारताना दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर लागतात आणि लगेच अल्टरनेटर ती बॅटरी भरून टाकतो. ती सतत भरलेली राहते, शिशाला हवं तेच मिळतं. शिवाय जुनी बॅटरी दुकानदार किलोवर परत घेतो आणि तिचं शिसं पुन्हा वापरात येतं. फक्त ती घराच्या आवारात फोडून कुणी शिसं वितळवू नये. तो धूर लेकरांच्या मेंदूला कायमचा बाधतो.

लिथियम घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र पक्की पाळावी. जुन्या पंपात नवा पॅक बसवून जुनाच चार्जर लावायची पद्धत घातक आहे. शिशाचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. निकेल-कोबाल्टचे तीन सेल असलेला पॅक १२.६ व्होल्टला पूर्ण भरतो. १४.४ म्हणजे एकेका सेलवर ४.८ व्होल्ट, जिथे मर्यादा ४.२ ची आहे. तिथे संरक्षक सर्किट हाच शेवटचा अडसर उरतो, आणि स्वस्त पॅकमध्ये तेच कच्चं असतं. एकदा पेट घेतला की पॅकमधूनच ऑक्सिजन सुटतो, आग विझवणं अवघड जातं. लोह-फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने तो पॅक जास्त सुरक्षित. शेठला आधी हेच विचारा की आतले सेल कोणते. पॅकसोबत आलेलाच चार्जर लावा, रात्रभर गंजीजवळ किंवा खताच्या पोत्यांशेजारी चार्जिंगला ठेवू नका, आणि फुगलेला पॅक पुन्हा चार्ज न करता दुकानात परत द्या.